हाताची किंमत खाटेपाशीं ठरवूं नका
(बपेरा, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा येथें मळणीच्या हंगामापूर्वीं शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



आज तुम्हांस कापलेल्या हाताची गोष्ट सांगावयाची आहे. थोड्या दिवसांत धानाचे पुंजणे मोडतील, मळणीचीं यंत्रें शेतोशेत फिरूं लागतील, तुमसरकडील राइसमिलांचे पट्टे रात्रंदिवस धांवतील. अशाच दिवसांत पेंढी आंत लोटतां लोटतां कोणाचा तरी हात पेंढीबरोबर आंत जातो. मोठा अपघात झाला म्हणजे सारा देश हळहळतो. आपल्याच जिल्ह्यांत जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यांत २४ जानेवारी २०२५ रोजीं स्फोट होऊन आठ कामगार दगावले, तेव्हां तसेंच झालें. पण एकट्या मजुराचा पंजा गेला तर ती बातमी गांवच्या पारापलीकडे जात नाहीं. त्याचा निवाडा होतो तो दवाखान्याच्या खाटेपाशींच.

तो कसा होतो तें तुम्हीं पाहिलेंच आहे. तिसऱ्या दिवशीं मालक येतो. बरोबर गांवचे दोन वजनदार गृहस्थ असतात, खिशांत स्टांपाचा कागद असतो. दवाखान्याचें बिल मीं भरलें, घरीं तांदळाचें पोतें टाकलें, वर हे वीस हजार घे. झालें तें नशिबानें झालें, आतां येथें अंगठा कर, असें तो म्हणतो. बायको पदराआड रडत असते. म्हातारा बाप म्हणतो, ‘मालकाशीं वैर धरलें तर पुढच्या सालीं काम कोण देईल?’ मग अंगठा होतो. एक हात यंत्रानें नेला, दुसऱ्या हाताचा अंगठा कागदानें नेला!

माझें सांगणें असें कीं, तो कागद रद्दी आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार निरर्थक समजावा, असें १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यांत लिहिलें होतें. तो कायदा आतां सामाजिक सुरक्षा संहितेंत सामावला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली व हा नियम तिच्यांतही कायम आहे. मालकानें दवाखान्यांत भरलेला पैसा भरपाईंत वळता करतां येत नाहीं. औषधपाण्याचा खर्च वेगळा, भरपाई वेगळी. शिवाय भरपाईच्या रकमेवर सावकारास जप्तीही आणतां येत नाहीं, हें ज्यांच्या डोक्यावर कर्ज आहे त्यांनीं लक्षांत ठेवावें.

हा हक्क मायबाप सरकारानें आपण होऊन दिला असें मात्र समजूं नका. १८८४ सालच्या सप्टेंबरांत नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईंत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या व साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सोबती, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. त्या अर्जांत रविवारची सुटी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांति होती, आणि हेंही होतें कीं, कामावर जबर जखम झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा व जो जन्माचा पांगळा होईल त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. त्याच सालीं जर्मनींत अपघातविम्याचा कायदा झाला. १८९७ सालीं इंग्लंडांत भरपाईचा कायदा झाला, आणि त्याच सालीं इकडे लोखंडे प्लेगानें वारले. आपल्याकडे कायदा व्हावयास १९२३ साल उजाडलें. एकुणचाळीस वर्षें! तेवढ्या काळांत किती हात यंत्रांत गेले, याचा हिशेब कोणीं ठेवला?

आतां हाताची किंमत कशी काढतात तें ऐका. महिन्याची मजुरी व अपघाताच्या वेळचें वय या दोहोंवर हिशेब चालतो. जन्माचें पूर्ण अपंगत्व आलें तर मजुरीच्या शेंकडा साठ भागास वयाच्या आंकड्यानें गुणावयाचें. तीस वर्षांच्या माणसाचा आंकडा २०७.९८ आहे. मजुरी दहा हजार धरली तर भरपाई होते १२,४७,८८० रुपये. पंजा गेला तर कोष्टकांत शेंकडा साठ नुकसान लिहिलें आहे, म्हणजे ७,४८,७२८ रुपये. आतां हे आंकडे त्या वीस हजारांशीं ताडून पाहा.

आणि कोष्टकापाशींही थांबूं नका. ओरिसांत एक सुतार १९६८ सालीं सिनेमागृहाच्या सजावटीचें काम करतांना पडला व त्याचा डावा हात कापावा लागला. नुकसान पूर्ण धरूं नये, असा मालकाचा वाद. सुप्रीम कोर्टानें १९७५ च्या डिसेंबरांत निकाल दिला कीं, सुतारकाम एका हातानें होत नाहीं, म्हणून या माणसापुरतें नुकसान पूर्णच. आणि भरपाईचें देणें अपघाताच्या दिवसापासून लागतें, निकालाच्या दिवसापासून नव्हे. कचेरींत लिहिणाऱ्याचा डावा हात गेला तरी तो लिहीत राहील. पण रंध्याला दोन हात लागतात, कुंभाराच्या चाकाला दोन लागतात, रोवणीलाही दोन लागतात. म्हणून अर्जांत नुसतें ‘मजूर’ लिहूं नका. सुतार, लोहार, रोवणी-कापणी करणारी, जें असेल तें कामासकट लिहा.

मालकाच्या सबबी ठरलेल्या असतात. ‘तो ठेकेदाराचा माणूस होता.’ असेना, ज्याच्या धंद्याचें काम चाललें होतें त्या मूळ मालकाकडे मागणी करतां येते, मग त्यानें ती ठेकेदाराकडून वसूल करावी. आपल्या तालुक्यांत चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें मँगनीजच्या खाणी आहेत; खाण असो, मिल असो, ठेक्यावर जाणाऱ्यांनीं हें विसरूं नये. ‘शेतीच्या कामाला कायदा कोठला?’ ट्रॅक्टर किंवा विजेच्या, इंजिनाच्या यंत्रानें चालणाऱ्या शेतीच्या कामाला आहे. ‘तो प्यायला होता.’ मृत्यु झाला असेल किंवा पूर्ण अपंगत्व आलें असेल तर ही सबब चालत नाहीं. (एरवीं चालूं शकते, म्हणून यंत्रापाशीं जातांना बाटलीला शिवूं नका, एवढें मी बायांच्या वतीनेंही सांगून ठेवतों.)

सर्वांत मोठी चूक पहिल्याच तासांत होते. दवाखान्याच्या कागदावर ‘पाय घसरून पडला’ असें लिहून घेतात, आणि सहा महिन्यांनीं तोच कागद आपल्या विरुद्ध उभा राहतो. कोणत्या यंत्रानें, कोणाच्या कामावर, किती वाजतां, हें डॉक्टरांस सांगून लिहवून घ्या. पोलिसांत नोंद करा. सोबतच्या दोघांचीं नांवें टिपा, यंत्राचें छायाचित्र मोबाइलांत घ्या, मजुरी मिळाल्याची जी चिठी असेल ती जपा. मालकास लेखी कळवा. दावा दोन वर्षांच्या आंत करावयाचा असतो. देणें झाल्यावर महिन्याभरांत मालकानें पैसे दिले नाहींत तर शेंकडा बारा व्याज लागतें, आणि कारण नसतां टाळाटाळ केली तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही होतो.

स्वतःच्याच शेतांत हात गेला तर मालक कोण? तेथें गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यु झाल्यास किंवा दोन अवयव गेल्यास दोन लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास एक लाख. खातेदाराबरोबर घरांतल्या आणखी एकास ती लागू आहे. हें थोडें आहे. पण अर्ज तालुका कृषि अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आंत द्यावा लागतो, आणि घरांत रडारड चाललेली असतां ते तीस दिवस केव्हां सरतात तें कळत नाहीं. हें काम भावकींतल्या एकानें अंगावर घ्यावें.

ज्यांच्या घरीं अंगठा झालेला कागद पडून आहे त्यांनीं तो घेऊन यावा. दोन वर्षें उलटलीं असतील तरी सबळ कारण दाखविल्यास दावा दाखल होऊं शकतो. मी आज रात्रीं बपेऱ्यासच मुक्कामाला आहें. बायांनींही यावें, संकोच करूं नये.