डब्याचे तुणतुणे

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही मोठे वक्ते नाही. साचेखात्यात उभे राहून उमेद गेली, तिथे मागांच्या खडखडाटात शेजारच्याचे बोलणेसुद्धा ऐकू येत नसे. आता आमच्या हातात हा डबा बघून मागची पोरं हसली. हसू द्या. हा डालड्याचा जुना डबा आहे, आणि हेच आमचे तुणतुणे.

डब्याचे तोंड उघडे ठेवले, बूड कापून काढले. कापलेली कड घासून आत वळवलीच पाहिजे, नाहीतर ती कातडे चिरते. कातडे म्हणजे फाटक्या ढोलकीच्या पुडीचा धड राहिलेला तुकडा. रात्रभर भिजवायचा, बुडावर ताणून दोरीने करकचून बांधायचा नि सावलीत वाळवायचा. पहिल्या वेळी आम्ही घाईने उन्हात ठेवला, तो टरकन फाटला! बाजूला बांबूची काठी दोन नट-बोल्टांनी बसवली. तार आहे मोटारसायकलच्या क्लचच्या केबलमधली. तिने कातडे कापू नये म्हणून खाली शर्टाचे बटण लावले. तिथून तार डब्यातून वर जाते आणि काठीच्या शेंड्याच्या खुंटीला गुंडाळते. खुंटी मात्र आमच्या गिरणीतल्या लाकडी कांडीची. गिरणी बंद झाली, हिशोब कसाबसा मिळाला, कांडी तेवढी आमच्याकडे राहिली. ती पिळली की सूर चढतो. गाणाऱ्याच्या गळ्याला लावून घ्यायचा, बस्स.

हे बनवताना वस्तीतले एक बुजुर्ग आमच्यावर रागावले. म्हणाले, "१९२७ ला महाडला बाबासाहेबांनी काय सांगितलं? मेलेल्या ढोराचा संबंध तोडा. आणि तू परत कातडं हातात घेतोस?" त्यांचा राग खोटा नव्हता. गावकीचे काम म्हणून, भाकरीच्या तुकड्यासाठी दुसऱ्याच्या दारात वाजवायचे, ते सोडले हे चांगलेच झाले. पण भीमराव कर्डकांच्या जलशांनी बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला तो गात-वाजवतच ना? अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाचा १९४४ पासूनचा आवाज गिरणगावाने ऐकला. तिथे कुणी हुकूम देऊन वाजवून घेत नव्हते. बुजुर्ग काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने मात्र त्यांनी तार छेडून पाहिली, आणि खुंटी ढिली आहे म्हणून आम्हालाच बोलले!

पोरांना कॅसिओ पाहिजे. घ्या की, आमची ना नाही. पण वर्गणी जमेपर्यंत गप्प बसायचे का? एका तारेवर चाल धरता येत नाही हे खरे. तुणतुणे नुसता सूर आणि ठेका देते. गाणे आपल्याला म्हणावे लागते.

दर रविवारी सकाळी वंदना झाल्यावर आम्ही इथेच बसतो. येताना रिकामा डबा आणा. पत्र्याचाच आणा, प्लॅस्टिकचा नको. बूड आम्ही कापू, लहान मुलांनी पत्र्याला हात लावायचा नाही.