मेमरी कार्डातला नारुतो



सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि गावोगावच्या मोबाईल दुकानांतला एक धंदा बघता बघता बसला. मेमरी कार्ड भरून देण्याचा. धाराशिव असो, कळंब असो की उमरगा, एसटी स्टँडजवळ 'डाऊनलोडिंग करून मिळेल' अशी पाटी दिसायचीच. दुकानदार कार्ड रीडरमध्ये घालायचा आणि विचारायचा, "काय भरू?" कुणाला कीर्तन हवं, कुणाला साऊथचे डब पिक्चर. शाळा-कॉलेजच्या काही पोरांना मात्र जपानी कार्टून. ॲनिमे हा शब्द तेव्हा गावात कुणाच्या तोंडी नव्हता.

कार्टून नेटवर्कवर ड्रॅगन बॉल झी आणि नारुतो हिंदीत बघून ही पोरं नादी लागली होती. पण ते भारनियमनाचे दिवस. नेमकी मारामारी रंगात आली की लाईट जायची. शिवाय नारुतोची पहिलीच मालिका २२० भागांची, त्यातले हिंदीत आले ते सुरुवातीचे. पुढं काय झालं, ते कार्डातच बघायचं.

साध्या मोबाईलवर थ्रीजीपी फाईल चालायची. चित्र १७६ बाय १४४ ठिपक्यांचं. त्यात वीसेक मिनिटांचा भाग पंधरा-वीस एमबीत बसायचा, म्हणजे दोन जीबीच्या कार्डात शंभरएक भाग. चेहरे धूसर, पण मारामारी कळायची. अडायचं ते भाषेपाशी. जपानी आवाजाखालची इंग्रजी अक्षरं इतकी बारीक व्हायची की वाचणं अशक्य. त्यामुळं हिंदी डबिंगला भाव. पुढं नोकियाचा ५२३३ आला, ६४० बाय ३६० चा पडदा घेऊन, आणि ती अक्षरं एकदाची वाचता येऊ लागली. कित्येकांचं इंग्रजी तिथंच सुधारलं, असं माझं मत आहे. मास्तरांनी रागावू नये.

पुण्याला शिकायला गेलेली पोरं दिवाळीला पेनड्राईव्ह भरून आणायची. मग ब्लूटूथ. एक भाग पाठवायला काही मिनिटं लागायची. तेवढा वेळ दोन फोन एसटीच्या सीटवर शेजारी ठेवून दोघांनी गप्प बसायचं. मधे कुणाचा फोन आला की पुन्हा पहिल्यापासून.

सगळ्या प्रती चोरीच्याच होत्या, त्याचं समर्थन नको. पण रोख पैसे मोजतो म्हटलं, तरी आपल्या बाजारपेठेत त्या मालिका विकत मिळत होत्या कुठं? या गिऱ्हाइकाचा विचारच कुणी केला नव्हता.

जाता जाता एक सांगतो. त्याच कार्डात घरचं लग्न, आजीचा आवाजही असेल. ही कार्डं वर्षानुवर्षं पडून राहिली की त्यांच्यातला विद्युतभार हळूहळू गळतो आणि फाईली खराब होऊ शकतात. नारुतो आता मोबाईलवर रीतसर बघता येतो, घरचे फोटो तसे मिळणार नाहीत. तेव्हा कपाटातलं कार्ड शोधा आणि या आठवड्यात कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. कार्ड रीडर मोबाईलच्या दुकानात अजून मिळतो.