मूतखडा आणि दूधबंदी

(कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



मी वैद्य नाही; कलाशाखेचा पदवीधर आणि वृत्तपत्रात हयात घालवलेला माणूस आहे. औषध सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु रूढ समजुती तपासून पाहणे हे पत्रकाराचे कामच आहे. घरात कोणाला मूतखडा झाला की पहिली बंदी येते ती दूध-दह्यावर. खडा कॅल्शियमचा, म्हणून कॅल्शियम वर्ज्य! एके काळी डॉक्टरही हेच सांगत असत. हा तर्क बिनतोड वाटतो. पण तो अर्धाच आहे.

बहुसंख्य मूतखडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात. ऑक्झॅलेट काही प्रमाणात शरीरातच तयार होते. उरलेले पालक, अळू, तीळ, शेंगदाणे, चहा यांतून पोटात जाते. जेवणात पुरेसे कॅल्शियम असेल, तर या दोघांची गाठ आतड्यातच पडते. त्यांचे संयुग सहसा विरघळत नाही, ते मलावाटे बाहेर पडते. कॅल्शियम तोडले की ऑक्झॅलेट मोकळे राहते, रक्तात शोषले जाते आणि मूत्रपिंडात पोहोचते. मूत्रात कॅल्शियम असतेच. जी गाठ आतड्यात पडायला हवी, ती मग मूत्रपिंडात पडते.

हे केवळ अनुमान नव्हे. १९९३ साली हार्वर्डचे डॉ. गॅरी करहन व सहकाऱ्यांनी सुमारे ४५ हजार पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. आहारात अधिक कॅल्शियम असणाऱ्यांत मूतखडे कमी आढळले. पुढे २००२ साली इटलीतील पार्मा येथील डॉ. बोर्गी यांनी वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांवरील पाच वर्षांचा प्रयोग मांडला. कॅल्शियम तोडलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. नेहमीइतके कॅल्शियम, पण मीठ व मांसाहार कमी घेणाऱ्या ६० जणांपैकी केवळ १२ जणांना.

या बंदीची खरी किंमत हाडे मोजतात. विशेषतः चाळिशी-पन्नाशीतील आपल्या माता-भगिनींनी भीतीपोटी वर्षानुवर्षे दूध-दही सोडले, तर खडा टळेलच असे नाही. हाडे मात्र ठिसूळ होऊ शकतात.

आपल्याकडे पालकाची ताकातली भाजी करतात. पूर्वजांना ऑक्झॅलेट ठाऊक होते, असा दावा करण्याचे कारण नाही. तरीही ही जोडी योग्य आहे. मर्म आहे ते 'एकाच जेवणात' या शब्दांत. सकाळी घेतलेले दूध रात्रीच्या पालकाला फारसे उपयोगी पडत नाही. पालक उकळून पाणी टाकून दिले, तरी ऑक्झॅलेट घटते. गोळ्यांचे गणित मात्र वेगळे आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या स्त्रियांच्या पाहणीत कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्यांत धोका थोडा अधिक दिसला. गोळी जेवणासोबत न घेणे हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते.

सगळेच खडे सारखे नसतात. म्हणून पडलेला खडा फेकून न देता तपासून घ्यावा, भरपूर पाणी प्यावे, मीठ आवरावे आणि ताटातील दही उचलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. अर्धे ज्ञान पथ्याच्या रूपाने घरात शिरते, तेव्हा ते ओळखणे अधिक कठीण असते.