बेटावरची तात्पुरती नोकरी
(ट्रस्टच्या महोत्सवी सभेत बोरगाव येथे केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे 'परिचर्येचा व्यवसाय आणि आपल्या मुली' असा विषय छापला आहे. विषय ऐसपैस आहे आणि भोजनाची वेळ जवळ आली आहे. तेव्हा त्याचा एकच कोपरा धरून बोलण्याची परवानगी आम्ही घेतो. ट्रस्टच्या साहाय्याने नर्सिंग शिकलेल्या मुली अलीकडे कार्यालयात एक प्रश्न विचारतात. अंदमान-निकोबारसारख्या दूरच्या बेटावर वर्षभराच्या कराराने नर्सची जागा मिळत असेल, तर जावे की जाऊ नये? प्रश्न मुली विचारतात, उत्तर घरून येते आणि ते बहुधा एकाच शब्दाचे असते: "नको."

या 'नको'ला हसण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. आपण कन्हान आणि जाम नद्यांच्या खोऱ्यातली माणसे. संत्रा आणि कापूस यांच्या हिशेबात आपले वर्ष निघून जाते. समुद्र पाहिला तो पुष्कळांनी रामेश्वराच्या यात्रेत. त्यातून अंदमान म्हटले की मराठी माणसापुढे काळे पाणी उभे राहते. १९०६ साली बांधून पुरा झालेला तो सेल्युलर तुरुंग, १९११ पासून १९२१ पर्यंत सावरकरांनी तेथे काढलेली दहा वर्षे, तेलाचा कोलू, हे सारे आपण घरोघर ऐकत आलो. तुरुंग गेला, स्मारक झाले. त्या गावाचे पोर्ट ब्लेअर हे नावही २०२४ साली बदलून श्री विजयपुरम झाले. तेथे गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे, २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०११ च्या खानेसुमारीत या बेटांची वस्ती पावणेचार लाखांच्या वर भरली. पण शब्दाची धास्ती मनात बसली की अशा माहितीने ती लवकर उठत नाही.

आपल्या माणसांना बेट अगदी परके आहे असेही नाही. भारताच्या दक्षिण टोकाचे जे मोठे निकोबार बेट, तेथे १९६९ सालापासून सरकारने निवृत्त सैनिकांची कुटुंबे नेऊन वसविली. पंजाबातली होती, दक्षिणेतली होती, तशी महाराष्ट्रातलीही होती. रान तोडून त्यांनी नारळ-सुपारी लावली, गावे उभी केली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने किनाऱ्यावरची ती गावे धुऊन नेली. त्या बेटाचे इंदिरा पॉइंट हे टोक त्या भूकंपात चार मीटरांहून अधिक खचले. जी माणसे वाचली त्यांना कॅम्पबेल बे येथील निवाऱ्यांत हलवावे लागले. मराठी बोलणारी घरे त्या टोकाला जाऊन राहिली आहेत, एवढे तरी आपण ध्यानात ठेवावे.

आता वाटेचे बोलू. पांढुर्ण्याचे स्टेशन ज्या दिल्ली-चेन्नई मार्गावर आहे, त्याच मार्गाने चेन्नईस जावयाचे. तेथून विमानाने दोन-सव्वादोन तास, जहाजाने अडीच-तीन दिवस. समुद्राचे अंतर सुमारे १,१९० किलोमीटर. येथवर कोणी भ्यावे असे काही नाही. परंतु जाहिरातीत 'अंदमान-निकोबार' एवढेच छापलेले असते आणि नेमणूक कोठे होईल ते पुढे कळते. मुख्य गावातल्या रुग्णालयात नेमणूक झाली तर एक गोष्ट. कॅम्पबेल बेला झाली तर आणखी पाचशे किलोमीटर दक्षिणेस, पुन्हा जहाज. म्हणून मुलीने पगार विचारण्याआधी बेटाचे नाव विचारावे. पगार दोन्हीकडे सारखा लिहिलेला असेल. दिवस सारखे जाणार नाहीत.

आणखी एक बाब घरच्यांनी विशेष समजून घ्यावी. निकोबार बेटे आदिवासींसाठी राखीव आहेत. १९५६ च्या नियमानुसार तेथे पासावाचून जाता येत नाही. नोकरीवर जाणारीस पास मिळतो. पण बाबांना वाटले की चार दिवस जाऊन लेकीला पाहून यावे, तर नागपूरला हॉस्टेलवर जाण्यासारखे ते सोपे नाही. फोनचे मात्र आता बरे झाले आहे. १० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नईहून समुद्रतळातून टाकलेली सुमारे २,३०० किलोमीटरची तार सुरू झाली आणि ती कार निकोबार, कामोर्टा, कॅम्पबेल बेपर्यंत पोचली आहे. त्यापूर्वी सारा भार उपग्रहावर होता आणि घरचा आवाज ऐकण्यासाठी ताटकळावे लागे.

तेथल्या कामाविषयी आम्ही थोडे अधिक बोलणार आहोत, कारण घरच्या चर्चेत तेच सर्वांत कमी येते. आपल्याकडच्या नर्सबाईला धीट म्हणण्याचे कारण नाही. ती धीट असतेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार होते तेव्हा जखमींची रांग ज्यांनी एकदा आवरली, त्यांना रक्ताचे काय भय? परंतु आपल्याकडे बाळंतीण अडली की गाडी करून नागपूरचे मेडिकल गाठता येते. बेटावर अशी सडक नाही. अवघड रोग्यास हलवावयाचे तर हेलिकॉप्टर किंवा जहाज, आणि दोन्ही आभाळाच्या मर्जीवर. तिकडे दोन्ही मोसमी वारे पाऊस आणतात. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर, म्हणजे आपल्या तिप्पट तरी. त्यामुळे येथे जो निर्णय रात्री दहाला घेऊन चालतो, तो तेथे दोन दिवस आधी घ्यावा लागतो. ही बाई घरीच बाळंत होईल की हिला आजच मोठ्या रुग्णालयाकडे धाडावी, हे ओळखण्याची नजर हेच तिकडच्या परिचर्येचे खरे शिक्षण. ताप आला की मलेरियाचा संशय आधी धरावा लागतो; निकोबारात तो जुना आहे. लशीचा थंडावा वीज गेली तरी टिकला पाहिजे. आणि बारीकशी गोष्ट, सूर्य तेथे आपल्यापेक्षा जवळजवळ तासभर आधी उगवतो व आधीच मावळतो. घड्याळ तेच, दिवस निराळा. पहिला आठवडा झोप लागत नाही अशी तक्रार मुलीने फोनवर केली तर आईने घाबरू नये.

श्रीमती शांती टेरेसा लाकरा यांचे नाव या संदर्भात सांगितलेच पाहिजे. त्या साहाय्यक परिचारिका-प्रसाविका. २००१ साली त्यांची नेमणूक लहान अंदमानावर डुगाँग क्रीक येथे झाली. तेथे ओंगे लोकांची वस्ती आहे. सारी जमात मिळून शंभराच्या आसपास. त्सुनामीच्या दिवशी समुद्र मागे सरलेला पाहून ओंगे उंचावर गेले आणि वाचले. वस्ती मात्र गेली. लाकराबाई त्यांच्यासोबत राहिल्या आणि पुढेही तेथेच काम करीत राहिल्या. त्यांना राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री मिळाली. आम्ही त्यांचे नाव घेतले ते पद्मश्रीसाठी नव्हे. जी माणसे बाहेरच्याला सहज जवळ करीत नाहीत त्यांनी या बाईंना जवळ केले, कारण त्या वर्षानुवर्षे तेथे होत्या.

आणि येथेच आमची अडचण सुरू होते. आमच्या मुली जातील त्या वर्षासाठी. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाल्यापासून कराराची नेमणूक देशभर रूढ झाली. करार बहुधा ३१ मार्चपर्यंत, पुढे वाढला तर वाढला. मुलीच्या दृष्टीने ही तात्पुरती नोकरी: थोडी शिल्लक पडेल, अनुभवाचा दाखला मिळेल, मग नागपूरला किंवा छिंदवाड्याला जागा पाहता येईल. यात गैर काही नाही. परंतु बेटावरच्या गरोदर बाईला पहिल्या तपासणीस एक सिस्टर भेटते, तिसऱ्या तपासणीस दुसरी, आणि बाळाच्या लशीला तिसरी. प्रत्येकीला तिने आपले मागचे बाळंतपण पुन्हा पहिल्यापासून सांगावयाचे. चौथ्यांदा ती सांगतच नाही. आमच्या मते तात्पुरत्या नोकरीचा खरा दोष हा आहे, आणि तो घरच्यांच्या 'नको'मध्ये कधी ऐकू येत नाही.

त्यावर उपाय मुलीच्या हातातला आहे. गेल्यागेल्या पहिल्या पंधरवड्यात तिने रजिस्टर वाचून काढावे, नुसते भरू नये. दिवस गेलेल्या बायकांची नावे वेगळ्या वहीत उतरावी. कोणाचे मागचे बाळंतपण अवघड गेले, कोणाचे रक्त कमी आहे, कोणते घर नावेशिवाय गाठता येत नाही. स्थानिक बोलीतले पाचपन्नास शब्द शिकावे. आणि परत निघताना ती वही पुढच्या सिस्टरच्या हाती द्यावी, ती आली नसेल तर डॉक्टरांच्या. आपल्या मुलींना येथे एक सवलतही आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासून आपण घरी मराठी आणि शाळेत, कचेरीत हिंदी असा दुहेरी संसार करीत आहोत. त्याचे गाऱ्हाणेही पुष्कळ केले. अंदमानात बंगाली, तामिळ, तेलुगू, निकोबारी सगळे एकमेकांशी हिंदीत बोलतात. आपली मुलगी पहिल्या दिवसापासून रोग्याशी बोलू शकेल.

पण सीमेवर राहण्याचा जाचही आहे. ज्या मुली नागपूरकडे शिकल्या त्यांची नोंदणी महाराष्ट्राच्या परिषदेकडे, ज्या छिंदवाडा-भोपाळकडे शिकल्या त्यांची मध्य प्रदेशाच्या परिषदेकडे. दुसरीकडे नोकरी धरताना मूळ परिषदेचे ना-हरकत पत्र लागते आणि त्यास दिवस लागतात. जाहिरात निघाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा नोंदणीचे नूतनीकरण आधीच करून ठेवावे. मूळ प्रमाणपत्रे कोणत्याही मध्यस्थाच्या ताब्यात देऊ नयेत. दाखवावी आणि परत घ्यावी. 'जागा मिळवून देतो' म्हणून आगाऊ रक्कम मागणारा मनुष्य आपल्या भागातही येऊन गेला आहे. सरकारी जागेसाठी असा मनुष्य लागत नाही.

लग्नाचा मुद्दा कोणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून आम्हीच बोलतो. एक वर्ष बेटावर राहिलेल्या मुलीस स्थळ येणार नाही, ही भीती. रमाबाई रानडे यांनी पुण्यास १९०९ साली सेवासदन उभे केले आणि बायकांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकावयास धाडले, तेव्हाही लोक हेच म्हणत होते. आज त्याच व्यवसायाची सून पाहिजे म्हणून आपल्यातच शब्द टाकले जातात. मग तिने रात्रपाळी कोठे केली यावरून भाव ठरवावयाचा काय?

जाणे-न जाणे मुलीने ठरवावे. केवळ पगारासाठी जाऊ इच्छिणारीस आम्ही जा म्हणणार नाही. कराराचा पगार बेटावरच्या महागाईत फार उरत नाही. जिला एकटीने निर्णय घेण्याची उमेद आहे तिला अडवू नये.

ट्रस्टपुरते बोलावयाचे तर महोत्सवी निधीतून एक लहान रक्कम वेगळी ठेवावी, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे ठेवली आहे. ती जाण्याच्या भाड्यासाठी नाही; जाण्याचे पैसे घर कसेही जमविते. ती परतीच्या भाड्यासाठी आहे. करार मध्येच संपला, प्रकृती बिघडली किंवा मन लागले नाही, तर कोणाकडे हात न पसरता मुलीला पहिल्या जहाजाने वा विमानाने निघता आले पाहिजे. रक्कम बिनव्याजी असावी आणि 'का परत आलीस' हा प्रश्न अर्जात नसावा. मंडळात एका सभासदांचे म्हणणे पडले की अशाने मुली लवकर परत येतील. आमचे म्हणणे असे की परतीची सोय आहे हे ठाऊक असलेली मुलगी वर्ष पुरे करील. सूचनेवर मतदान पुढच्या बैठकीत आहे. ज्यांच्या घरी नर्सिंगला शिकणारी मुलगी आहे त्यांनी त्या बैठकीस तिलाही सोबत आणावे.