मनोविकार, पुनर्वसन आणि समाजाची सोबत



घरात कोणाला मधुमेह झाला, तर नातेवाइकांना ती वार्ता सहज सांगितली जाते. हृदयाची शस्त्रक्रिया झाली, तर भेटीस येणाऱ्यांची रीघ लागते. परंतु तरुण मुलाला स्किझोफ्रेनिया झाला, की त्याच घराची दारे आतून बंद होतात. धाकट्या बहिणीचे लग्न जमायचे असते, पेढीची पत सांभाळायची असते. पाहुणे आले, की मुलाला आतल्या खोलीत बसविले जाते. औषधे लपवून आणली जातात, थोडे बरे वाटताच बंद केली जातात आणि आजार पुन्हा उफाळून येतो.

हा आजार दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ३०० माणसांमागे एकास तो आहे. किशोरावस्थेच्या अखेरीस किंवा विशीत, म्हणजे शिक्षण आणि व्यवसाय उभारण्याच्या ऐन काळात, तो बहुधा डोके वर काढतो. औषधे आवश्यकच आहेत. नसलेले आवाज ऐकू येणे, निराधार संशय ही लक्षणे अनेकांच्या बाबतीत औषधांनी आटोक्यात येतात. मात्र तुटलेली मैत्री आणि गमावलेला आत्मविश्वास गोळीने परत मिळत नाही. तेथे माणसेच लागतात.

हे सत्य कित्येक वर्षांपूर्वी रुग्णांनीच ओळखले. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या रॉकलँड मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्या काही जणांनी १९४० च्या दशकात एकमेकांना भेटण्यास प्रारंभ केला. 'आम्ही एकटे नाही' अशा अर्थाचे नाव त्यांनी आपल्या गटास दिले. त्यातूनच १९४८ मध्ये 'फाउंटन हाउस' ही संस्था साकारली. तेथे कोणी 'रुग्ण' नसतो, सर्व जण सभासद असतात. स्वयंपाक, कार्यालयीन काम, नवागताचे स्वागत ही कामे सभासद आणि कर्मचारी मिळून करतात. पुढे या संस्थेने व्यापाऱ्यांशी एक व्यवस्था ठरविली. सभासदाने काही महिने अर्धवेळ नोकरी करावी आणि प्रचलित वेतन घ्यावे. एखाद्या दिवशी तो येऊ शकला नाही, तर संस्थेने बदली माणूस पाठवावा. मालकाचे काम अडत नाही आणि होतकरू माणसाची संधीही जात नाही. या पद्धतीच्या संस्था आता अनेक देशांत आहेत.

महाराष्ट्रात हे कार्य एका कुटुंबाच्या दुःखातून उभे राहिले. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीस हा आजार होता. आजार न लपविता त्यांनी १९९७ मध्ये पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' स्थापन केली. त्यांच्याच पुढाकारातून २००४ मध्ये 'देवराई' हा चित्रपट आला आणि अनेक घरांतील अबोला सुटला. या चळवळीने रुग्णास 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्यास 'शुभंकर' म्हटले. या स्वमदत गटांत आजाराशी झुंजून कामावर परतलेला शुभार्थी नवागतास धीर देतो. त्या शब्दांना डॉक्टरांच्या शब्दांहून निराळे वजन असते, कारण ते स्वतः सोसलेल्याचे शब्द असतात.

शुभंकरांचे गटही तितकेच मोलाचे आहेत. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकापासून केलेल्या अभ्यासांतून एक गोष्ट पुढे आली. ज्या घरात सतत टीका, राग किंवा अतिकाळजी असते, तेथे आजार उलटण्याचे प्रमाण अधिक असते. 'आळशी आहे', 'सोंग करतो' हे शब्द प्रेमापोटी निघाले तरी घाव घालतात. थकलेल्या आईला हे उपदेशाने उमगत नाही. तोच अनुभव घेतलेली दुसरी आई शेजारी बसून सांगते, तेव्हा ते मनाला पटते.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला. अशा व्यक्तींना समाजात राहण्याचा हक्क त्याने दिला आणि शारीरिक आजारांप्रमाणेच मनोविकारांनाही विम्याचे संरक्षण देण्याचे बंधन घातले. पण कायदा कोणास दुकानात बोलावून गल्ल्याशेजारी बसवू शकत नाही. ते काम समाजाचे आहे.

व्यापारी समाजाला ते अवघडही नाही. ताग्यांच्या घड्या घालणे, मालावर चिठ्ठ्या लावणे, बिले जुळविणे ही दिवसातून तीन-चार तासांची कामे प्रत्येक पेढीवर असतात. त्यांपैकी एखादे काम पूर्ण मोबदल्यासह एका शुभार्थीस देता येईल. महिन्यातून एक दुपार संस्थेचे सभागृह अशा कुटुंबांच्या बैठकीसाठी मोकळे ठेवता येईल. पहिल्या बैठकीस कदाचित दोनच घरे येतील. परंतु त्या दिवसापासून ती दोन घरे एकटी राहणार नाहीत.

सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेच्या कार्यात या एका कामाची भर पडावी, हीच प्रार्थना.