हरिपंत फडके आणि देवनहळ्ळी
(मंडळाच्या देवनहळ्ळी सहलीत केलेले भाषण)



टिपू सुलतानांचे जन्मस्थान म्हणून ख्यात असलेल्या या गावी आज आम्ही एका मराठी सेनापतीचे स्मरण करीत आहोत. हरिपंत फडके मूळचे पेशव्यांच्या पदरचे कारकून. आम्हां लेखणीच्या चाकरांना म्हणूनच ते विशेष जवळचे! १७७५ मध्ये अडासला त्यांनी राघोबादादांचा पराभव केला. १७८१ मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्डला बोरघाटातून माघारी लावण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

पुढे दहाच वर्षांनी तेच इंग्रज मित्र झाले. मार्च १७९१ मध्ये बंगळूर घेऊन कॉर्नवॉलिस उत्तरेस वळला आणि हा किल्ला त्याच्या हाती गेला. मे महिन्यात मात्र श्रीरंगपट्टणापाशी त्याचे बैल मेले, धान्य सरले. वेढ्याच्या तोफा नष्ट करून तो परत फिरला. तोच हरिपंत व परशुरामभाऊ पटवर्धन येऊन मिळाले. मराठी छावणीच्या बाजारात धान्य होते, भाव चढे होते. पण उपाशी फौज तगली. १७९२ च्या तहाने टिपूंचे निम्मे राज्य गेले.

याच मोहिमेत भाऊंच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, आणि टिपूंनी त्या मठास साहाय्य पाठविले. हेही आम्ही विसरू नये.

या भूमीने आम्हांस अन्न दिले. आमची मुले शेजाऱ्यांशी कन्नडमध्ये बोलतात. त्यांना पराक्रम सांगताना हा डागही सांगावा, एवढीच विनंती. अर्धा इतिहास शेजारधर्मास शोभत नाही.