भाड्याची खोली आणि धंद्याचा परवाना



परक्या गावी भाड्याच्या घरात राहून व्यापार करावयाचा, तर परवानग्या कोणत्या हव्यात, हा प्रश्न सुरतेला नवा नाही. १६१३ साली जहांगीर बादशहाच्या फर्मानाने इंग्रजांना तेथे वखार घालता आली. पुढे १६१८ साली शहाजादा खुर्रम याच्याशी ठरलेल्या अटींनुसार त्यांना घर भाड्याने घेण्याची मुभा राहिली. विकत घेण्याची वा बांधण्याची मात्र मिळाली नाही. व्यापाराची परवानगी वेगळी आणि जागेची वेगळी, हा भेद आजही कायम आहे.

ताप्तीकाठच्या रेल्वेमार्गाने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या भागांतील अनेक कुटुंबे सुरतेस जातात. उधना, लिंबायत येथे मराठी सहज कानी पडते. आरंभी एक खोली भाड्याने घेतली जाते. मग साड्यांना लेस लावण्याचे काम घरी येते, शिवणयंत्र येते, जेवणाचे डबे सुरू होतात. संसार आणि धंदा एका छताखाली नांदू लागतात. कष्टाच्या या कमाईला कायद्याचे पाठबळ असावे, यासाठी तीन गोष्टी ध्यानी घ्यावयास हव्यात.

पहिली गोष्ट जागेची. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना व नागरी विकास अधिनियमाखाली शहराच्या विकास आराखड्यात निवासी, व्यापारी, औद्योगिक असे विभाग केले जातात. एका शिवणयंत्राला आणि धूर, आवाज वा रसायने यांच्या धंद्याला एकच माप लागत नाही. म्हणून आपला धंदा त्या जागी चालेल काय, याची विचारणा महानगरपालिकेच्या विभागीय कचेरीत आधी करावी.

दुसरी गोष्ट मालकाच्या संमतीची. भाडेपत्रात ‘केवळ राहण्यासाठी’ असे शब्द असल्यास तोंडी होकारावर विसंबू नये. संमती लेखी घ्यावी. जीएसटी नोंदणीच्या वेळी जागेचा पुरावा म्हणून तिचा उपयोग होतो.

तिसरी गोष्ट धंद्याच्या परवान्याची. घरच्या चुलीवर रांधून विकणाऱ्यांनाही २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा लागू होतो. नोकर ठेवल्यास गुजरातच्या २०१९ च्या दुकाने व आस्थापना कायद्याची चौकशी करावी. परराज्यातून करपात्र माल आणून, लॉजमध्ये उतरून थोडे दिवस विक्री करणाऱ्यांसाठी जीएसटी कायद्यात तात्पुरत्या नोंदणीची तरतूद आहे. ती जास्तीत जास्त ९० दिवस चालते व आणखी ९० दिवसांपर्यंत वाढवून मिळू शकते; अंदाजे होणारा कर मात्र आगाऊ भरावा लागतो.

उद्यम नोंदणी विनामूल्य होते, म्हणून ती अनेकजण करतात. परंतु ते प्रमाणपत्र म्हणजे जागेच्या वापराची परवानगी नव्हे.

हे नियम म्हणजे निव्वळ कागदांचा पसारा, असे कोणी समजू नये. २४ मे २०१९ रोजी सुरतेच्या सरथाणा भागात व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावरील शिकवणीवर्गाला आगीने वेढले आणि २२ जण प्राणास मुकले. त्यांत बहुतेक कोवळ्या वयाचे विद्यार्थी होते. त्या मजल्याचे बांधकाम अनधिकृत होते, असे पुढे उघडकीस आले. जागा कोणत्या कामासाठी योग्य आहे, हा प्रश्न शेवटी माणसांच्या जीविताचा असतो.

गावातून सुरतेस निघालेल्या तरुणाला शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी एवढे जरूर सांगावे : खोलीची अनामत रक्कम देण्यापूर्वी भाडेपत्र वाचावे, यंत्र आणण्यापूर्वी कचेरीत विचारावे आणि मिळालेली प्रत्येक पावती जपून ठेवावी.